बिब्बा घातला तर?

"चांगल्या कामात बिब्बा घालू नको," असं आमची आजी सारखं म्हणते. गंमत अशी की तिचं निम्मं आयुष्य बिब्बे फोडण्यातच गेलं! आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. थंडी सरता सरता जंगलातून बिब्बे यायचे. हाताला राख चोळून बायका ते दगडावर फोडायच्या. गोडंबी बाजारात जायची, कुणाच्या तरी डिंकाच्या लाडवात पडायची. टरफलं उकिरड्यावर. आजीच्या बोटांवर त्या तेलाचे चट्टे अजून आहेत.

मित्रमैत्रिणींनो, त्या उकिरड्याकडे आपण नीट बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेलुगूत बिब्ब्याला 'जीडी' म्हणतात आणि काजूला 'जीडिमामिडी'. वनस्पतीशास्त्रही हेच नातं सांगतं. दोघं एकाच कुळातले. काजूच्या टरफलात वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के तेल असतं. कच्च्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. या तेलानं डेंग्यूच्या डासांच्या अळ्या मरतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. तेच तेल खूप तापवलं की आम्लाचं कार्डेनॉल होतं आणि ते रंगात, गाड्यांच्या ब्रेकमध्ये जातं. म्हणजे तेल कसं काढता, यावर हाती काय लागणार ते ठरतं. काजूवर इतकं काम झालं, मग बिब्ब्याच्या टरफलावर आपल्या भागात का होऊ नये?

आपला जिल्हा कापसाचा. 2017 मध्ये नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त माणसं गेली. त्याच हंगामात माझे काका फवारून आले, ओट्यावर बसले ते उठेचनात. रात्रभर उलट्या. ते वाचले, पण पंप पाहिला की मला अजून ती रात्र आठवते.

पण 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. जे तेल आजीचा हात भाजतं, ते फवारणाऱ्यालाही भाजेल. म्हणून टरफलं बादलीत भिजवून फवारा, असं मी मुळीच म्हणत नाही. मात्रा किती, मधमाश्यांचं काय, पिकाचं काय, हे आधी तपासायला हवं. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी हवी. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन याच वाटेनं बाजारात आलं.

हे साहित्य मंडळाच्या अंकात कशाला, असं कुणी विचारेल. कारण फोडणाऱ्या बायकांचं ज्ञान मराठीत, गोंडीत, तेलुगूत आहे आणि संशोधन इंग्रजीत. मधला पूल आपणच बांधू शकतो. सुट्टीत गावी गेलात की विचारा, लिहून आणा.

मी आजीला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "टरफलाला भाव येईल रे, पण फोडणारीला हातमोजे कोण देईल?"

माझ्या मते संशोधनाची सुरुवात तिथूनच व्हावी. आधी हातमोजे, मग तेल.