शिष्यवृत्ती द्यायचीच असेल तर वेळेत द्या!

पावसाळा लागला की मला ठराविक फोन सुरू होतात. "सर, परदेश शिष्यवृत्तीची यादी कधी लागणार? काही कळलं का?" पोरं कधी सुरगाण्याची, कधी पेठची, कधी मालेगावची. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलेलं असतं, पण शिष्यवृत्तीचा पत्ता नसतो.

आता गणित समजून घ्या. ब्रिटनमधले बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्याआधी व्हिसा लागतो. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्याला त्यासाठी फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस बँकेत दाखवावी लागते. सरकार खर्च करणार असल्याचं अधिकृत पत्र असेल तर ते लागत नाही. म्हणजे शेतमजुराच्या पोरीसाठी ते एक पत्र हाच तिचा बँक बॅलन्स! ते ऑक्टोबरमध्ये मिळालं तर त्याचं काय लोणचं घालायचं?

२०२५ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला १०६ जण निवडले गेले. सुरुवातीला पत्र मिळालं फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना उत्तर काय, तर निधी उपलब्ध झाला तर बघू. अहो, जागा जाहीर करताना तिजोरी बघितली नव्हती का?

आपलं राज्यही कमी नाही. अनुसूचित जातीच्या ७५ मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने योजना आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिला दहावीपासून ७५ टक्क्यांची अट लावली. ओरड झाली, मग मागे घेतली. ही अट सुचवणाऱ्याने बाबासाहेबांचं चरित्र वाचलं असतं तर बरं झालं असतं. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. टक्के काढा, ३७.६! पुढे कोलंबिया आणि लंडन दोन्हीकडच्या पदव्या त्यांनी घेतल्या.

त्यांना १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवणारे सयाजीराव गायकवाड आपल्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं. स्वतःची बचत, मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, तेव्हा कुठे जमलं. पैसा थांबला की एवढ्या मोठ्या माणसाचंही शिक्षण थांबतं. आणि ज्या राजाने ते पुन्हा सुरू करायला हात दिला, त्याच्याच नावाच्या योजनेत पोरांनी वाट बघत बसायचं?

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच, "आमच्या टॅक्सच्या पैशावर परदेशवारी कशाला? ही पोरं परत तरी येतात का?" भाऊ, बडोद्याच्या करारातही दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याची अट होती. तशी अट घाला ना, कोण नाही म्हणतंय? पण हिशोब मागण्याआधी पैसे द्या. आणि ज्याच्या घरी पैसा आहे तो कॉलेज रोडवरच्या एजंटकडे जातो, बँकेचं कर्ज काढतो आणि विमानात बसतो. ज्याच्याकडे तारण ठेवायला गुंठाभर जमीन नाही, त्याने कुठे जायचं?

मागण्या साध्या आहेत. जाहिरात जानेवारीत काढा. अंतिम यादी एप्रिलअखेर लावा. यादीसोबतच पत्र द्या. जेवढ्या जागा जाहीर कराल तेवढा पैसा आधी बाजूला काढून ठेवा. आणि तिकडे गेलेल्या पोरांचा निर्वाह भत्ता ठरलेल्या तारखेला खात्यावर टाका, परदेशात घरमालक शासन निर्णयाची वाट बघत नाही.

राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच, गडकरी चौकात आहे. निदान त्यांच्या योजनेचं पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आपण आत्ताच लेखी मागू शकतो. आमदार-खासदार वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शाहू-फुले-आंबेडकर छापतात, त्यांना एवढंच विचारा: यंदाची यादी कोणत्या तारखेला?

उत्तर मिळालं तर इथे टाका. नाही मिळालं तर तेही टाका, नावासकट.