थापड आधी, चौकशी कधीच नाही

पोस्ट लांब आहे. पटाचा नाद असेल तर पुरी वाचा. नाद नसेल तरी वाचा, कारण उद्या दोरीपल्याड उभा असलेला माणूस तुमच्या घरचाही असू शकतो.

यंदाच्या हिवाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावच्या शंकरपटाला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाला शिव्या पडाव्यात असा हेतू नाही, आणि खरं सांगू तर कोणत्याही गावात हेच झालं असतं. दुपारची वेळ. दोन जोड्या एकदम सुटल्या. निम्म्या अंतरापर्यंत खांद्याला खांदा. मग डावीकडची जोडी एकाएकी उजवीकडे ओढली गेली आणि दुसऱ्या जोडीच्या आडवी आली. दुसऱ्या छकड्याचं चाक उसळलं आणि तो छकडा दोरी तोडून माणसांत घुसला. एका म्हाताऱ्या बाबांचा पाय मोडला. एका बैलाच्या खुराजवळून रक्त वाहत होतं.

आता पुढची दहा मिनिटं ऐका. लोक धावले ते डाव्या छकड्याकडे. धुरकरी वीस-बावीस वर्षांचं पोरगं. त्याला खाली ओढलं आणि चार-सहा जणांनी हात साफ करून घेतले. मालक आला. मला वाटलं सोडवीन. त्यानं दोन शिव्या दिल्या आणि म्हणाला, "आजपासून माह्या गोठ्यात पाय ठेवजो नको." पोरगं सारखं म्हणत होतं, "माहं ऐका तं खरं, भाऊ! आडवं कोनी आलतं नं!" कोणी ऐकलं नाही. माईकवरून आवाज आला, "मंडळी, शांतता राखा. पटात असं होतच असते. पुढची जोडी तयार ठेवा." बाबांना कोणाच्या तरी गाडीत टाकून दवाखान्यात नेलं आणि पुढची जोडी सुटली.

दोन दिवसांनी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. त्यात स्पष्ट दिसतं की एक जण मोबाईलवर शूटिंग करायला दोरीच्या आत चार पावलं आला आणि डावीकडचा बैल त्याला बुजला. म्हणजे पोरगं खरं बोलत होतं. पण त्याच व्हिडिओत हेही दिसतं की त्या क्षणी कासरा त्याच्या एकाच हातात होता आणि दुसरा हात हवेत होता. मग चूक कोणाची? आत शिरणाऱ्याची? धुरकऱ्याची? दोरी इतक्या जवळ बांधणाऱ्यांची? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. आणि आता कधी कळणारही नाही, कारण हे विचारायला आपल्या पटात कोणी बसलेलंच नसते.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात पुण्याला आतेभावाकडे गेलो होतो. त्यानं हौसेनं रेसकोर्सवर नेलं. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो, मुंबईचा महालक्ष्मीला हिवाळ्यात. मी एकही पैसा लावला नाही, हे घरच्यांसाठी लिहून ठेवतो. एक शर्यत संपली, घोडा जिंकला, लोक नाचायला लागले आणि तेवढ्यात निकाल थांबवला. चौकशी लागली होती. भाऊ म्हणाला, "तिकीट फेकू नको म्हणतात, थांब." काय झालं होतं? वळणानंतर एका जॉकीनं घोडा आतल्या बाजूला घेतला आणि मागच्या घोड्याची वाट अडली, अशी शंका होती.

तिथं हे कसं चालते ते नंतर मी नीट समजून घेतलं. शर्यतीवर पंचमंडळ असते, त्यांना स्टुअर्ड म्हणतात. शर्यतीचं चित्रण वेगवेगळ्या बाजूंनी झालेलं असते. शंका आली की दोन्ही जॉकींना बोलावतात. चित्रण लावतात. "तू घोडा सरळ का ठेवला नाहीस?" असं विचारतात आणि त्याचं उत्तर ऐकतात. कधी घोडा स्वतःच ओढतो, कधी तिसऱ्या घोड्याची धडक बसते, कधी जॉकी खरंच बेपर्वा असतो. मुद्दाम केलं की निष्काळजीपणानं झालं, याच्या शिक्षा वेगळ्या. त्यानं दुसऱ्या घोड्याचा नंबर गेला असेल तर निकालही फिरतो. जॉकीला ठरावीक दिवस बसवतात आणि ती बंदी देशातले बाकीचे रेस क्लबही मानतात. इथून हाकलला म्हणून तिथं जाऊन बसला, असं चालत नाही. आणि शिक्षा मान्य नसेल तर अपिलाची सोय असते.

आता जगातली दोन उदाहरणं सांगतो, म्हणजे हे किती वरपर्यंत जाते ते कळेल.

४ मे २०१९. अमेरिकेची केंटकी डर्बी, त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शर्यत. मॅक्झिमम सिक्युरिटी नावाचा घोडा पहिला आला. पण शेवटच्या वळणावर तो बाहेर सरकला आणि बाकीच्या घोड्यांना अडथळा झाला, अशी हरकत आली. पंचांनी सुमारे २२ मिनिटं चित्रण पाहिलं आणि जिंकलेला घोडा १७ व्या नंबरवर टाकला. ज्याच्यावर ६५ ला १ असा भाव होता, तो कंट्री हाउस विजेता ठरला. शतकाहून जुन्या त्या शर्यतीत धावताना झालेल्या चुकीसाठी विजेता बाद होण्याची ती पहिलीच वेळ होती. जॉकी लुईस सायेझला नंतर १५ दिवसांची बंदी मिळाली. मालक कोर्टात गेला, हरला.

दुसरं फ्रान्सचं. ३० सप्टेंबर २०२२. क्रिस्टोफ सुमियों हा तिथला मोठा जॉकी. धावत्या शर्यतीत त्यानं शेजारच्या रॉसा रायनला कोपर मारलं आणि रायन घोड्यावरून पडला. पंचांनी सुमियोंला ६० दिवस बसवलं. एवढ्या मोठ्या नावाला! त्यानं स्वतः माफी मागितली. पुढं आगा खान यांच्या तबेल्यानं त्याच्याबरोबरचा करारही संपवला.

आता कोणी म्हणेल, "अबे, ते श्रीमंतायचे चोचले. कुठं घोडे, कुठं आपले बैल." बरोबर आहे. मी काही रेसकोर्सचा भाट नाही. ते सगळं पैसा लावण्यावर उभं आहे आणि आपल्याला पटात सट्टा आणायचा नाही. तिथं चाबूक चालतो, आपल्याकडे कायद्यानं नाही. तिथले पंचही काही देव नसतात, त्यांच्या निकालावरही लोक शंका घेतात. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही. पोटासाठी घोड्यावर बसणाऱ्या माणसाला शिक्षेच्या आधी खुर्चीवर बसवून विचारतात. आपल्या पोराला थापड मारून विचारतसुद्धा नाहीत.

"कायदा आहे की," असंही काही जण म्हणतात. हो, आहे. आणि तो मिळवायला आपण किती झगडलो ते आठवा. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, पण हायकोर्टात गाडं अडलं. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं नियम पाळून शर्यती घ्यायला परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. सात वर्षं आपले पट बंद होते. तळेगाव दशासरसारख्या गावाला, जिथल्या पटाला बाहेरच्या जिल्ह्यांतून जोड्या येतात आणि बायाही कासरा हातात घेऊन उभ्या राहतात, त्या वर्षांत काय वाटलं असेल ते तिथल्यांना विचारा.

पण हा कायदा काय पाहतो? बैलाला त्रास झाला का, ते. कलेक्टरची परवानगी पाहिजे, जनावराची डॉक्टरकडून तपासणी पाहिजे, काठी-चाबूक-टोचणी नको. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. हे सगळं पाहिजेच, त्यावर माझा वाद नाही. मात्र दोन छकडे एकमेकांवर गेले तर चूक कोणाची, हे कोण ठरवणार, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. मग उरते भारतीय न्याय संहिता. कलम २९१ आहे, जनावराबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल. कलम १२५ आहे, दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याबद्दल. म्हणजे पोलीस स्टेशन, जबाब, तारखा. गावातलं कोण जाते? बाबांच्या पोराला लोकांनी काय सांगितलं माहीत आहे? "केस करशीन तं पुढच्या वर्षी पटाले परवानगी भेटनार नाई. गावाचं नाव खराब करतं का?"

म्हणजे एकतर पोलीस, नाहीतर थापड. मधलं काहीच नाही. आणि मधलं काही नसलं की मार नेहमी सगळ्यात गरीब माणसाच्या गालावर बसतो. बक्षीस घेताना फेटा कोणाला? मालकाला. फोटो कोणाचा? मालकाचा आणि पाहुण्या पुढाऱ्याचा. चूक झाली की धुरकऱ्याची! तो कोणाच्या शेतात सालदार असतो, कोणाचा भाचा असतो, दिवसाच्या मजुरीवर छकड्यावर चढतो. बैल मालकानं निवडले, सराव किती द्यायचा ते मालकानं ठरवलं, बुजरा बैल माणसांत आणायचा निर्णयही मालकाचाच. मग जबाब एकट्या पोराचा का?

काही पट-शौकीन मित्र फोनवर म्हणाले, "दादा, चौकशी लावली तं भांडनं होतीन." मी म्हणतो, आता काय आरती होते का? आता जे होते ते भांडणच आहे, फक्त एकाच बाजूचं. दुसरा एक म्हणाला, "परंपरेत पंच-फंच नव्हते." नव्हते, मान्य. परंपरेत सेकंदाचे भाग मोजणारी घड्याळंही नव्हती, डीजे नव्हता, ड्रोन नव्हता आणि लाखांची बक्षिसंही नव्हती. वेळ मोजायला यंत्र चालते, मग न्याय मोजायला माणूस का चालत नाही?

मागण्या करायला काही खर्च लागत नाही, म्हणून करतो. आयोजक मंडळांनी त्या पुढच्या हंगामाआधी बसून ठरवाव्यात.

१. प्रत्येक पटात तीन पंच. एक जुना धुरकरी, एक जनावरांचा डॉक्टर किंवा जाणकार, आणि एक दुसऱ्या तालुक्यातला, ज्याची जोडी त्या दिवशी धावत नाही.

२. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी तिवईवर मोबाईल लावून प्रत्येक फेरीचं चित्रण. ड्रोनचा खर्च परवडते, तर तिवईचाही परवडीन.

३. अपघात झाला की पुढची जोडी थांबवा. आधी जखमी माणूस, मग जखमी बैल, मग चौकशी, मग पट.

४. धुरकरी, मालक, समोरचा धुरकरी आणि ज्याला लागलं तो किंवा त्याच्या घरचा, सगळ्यांचं ऐकून घ्या. निकाल कागदावर लिहा आणि ज्या माईकवरून बक्षीस सांगता त्याच माईकवरून वाचून दाखवा.

५. चूक धुरकऱ्याची असेल तर त्याला एक-दोन पट बसवा. मालकाची असेल तर जोडी बसवा. दोरीच्या आत शिरलेल्याची असेल तर त्याला मैदानाबाहेर काढा. दोरी आयोजकांनीच चुकीच्या जागी बांधली असेल तर तेही त्याच माईकवरून कबूल करा. एका गावानं दिलेली बंदी बाकीच्या गावांनी मानावी.

६. अंगाला हात लावणाऱ्याची प्रवेशिका रद्द. तो जोडीचा मालक असला तरी.

यात एकही गोष्ट अशी नाही की जिला मंत्रालयात जावं लागते. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर एका संध्याकाळी होऊन जाईल.

आणि हे केलं नाही तर काय होईल, तेही सांगतो. आज पाय मोडला, उद्या कोणाचा जीव जाईल. मग टीव्हीवाले येतील, कोणीतरी परत कोर्टात जाईल आणि सात वर्षांनी मिळालेलं सात दिवसांत हातून जाईल. तेव्हा आपण म्हणू, आमच्या परंपरेवर घाला घातला. घाला बाहेरचे घालत नाहीत, भाऊ. "पटात असं होतच असते" हे वाक्य घालते.

त्या पोराला शोधायला मी त्याच्या गावी गेलो होतो. घरी आई होती. म्हणाली, "पुन्याकडे कंपनीत गेला. बैलायचं नाव काढू देत नाई." व्हिडिओ दाखवला तर तिनं दोनदा पाहिला. काही बोलली नाही, मोबाईल परत दिला आणि मग विचारलं, "हे तवाच कोनी काहून नाई पाह्यलं, बाबू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयोजकांपैकी कोणाकडे असेल तर खाली लिहा. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर भांडा. पण भांडायच्या आधी पूर्ण वाचा, म्हणजे निदान माझं तरी ऐकून घेतलं असं होईल.