तुझ्यावाचून उणे

माया सगळ्यांनाच असते. ती बोलून दाखवण्याची रीत मात्र भाषेगणिक निराळी. माझी भाची नोकरीनिमित्त माद्रिदला जाऊन राहिली आणि तिच्या फोनवरच्या गप्पांतून स्पॅनिश भाषा आमच्या घरात शिरली. तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करू लागलो आहे.

स्पेनमधला माणूस 'ते क्येरो' असे बायकोला म्हणतो, तसेच आईला आणि जिवलग मित्रालाही म्हणतो. शब्दशः अर्थ, 'मला तू हवीस'. ज्या लॅटिन धातूपासून तो शब्द आला, त्याचा अर्थ 'शोधणे'. 'ते आमो' हा त्याहून गाढ प्रेमाचा शब्द. तो तिकडे बहुधा जपून वापरतात. लाडाच्या हाकांना तर तोटाच नाही. 'माझ्या आयुष्या', 'माझ्या आभाळा' आणि जन्माच्या जोडीदाराला चक्क 'अर्धे संत्रे'!

पण वाचकहो, मला खरी मोहिनी घातली ती विरहाच्या शब्दांनी. 'तुझी फार आठवण येते' हे स्पेनमध्ये 'ते एचो दे मेनोस' असे म्हणतात. 'मेनोस' म्हणजे उणे. 'एचो'चा अर्थ पाहावा तर 'मी टाकतो'. मग वाक्याचा मेळ लागेना! उलगडा असा, की हा प्रयोग मूळचा पोर्तुगीज. आपल्याला चावी, पगार आणि बटाटा दिला तीच ही भाषा. तिच्यात 'आशार' म्हणजे आढळणे. 'तू मला उणी आढळतेस' असा तो अर्थ. स्पॅनिश जिभेवर शब्द फिरला, भाव राहिला. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी 'ते एस्त्रान्यो' म्हणतात. 'आन्योरार' हा झुरण्याचा आणखी एक शब्द. तो कॅटलान भाषेतून आला. त्याचे लॅटिन मूळ 'ठाऊक नसणे'. आपले माणूस कुठे आहे, कसे आहे, हे न कळणे म्हणजेच झुरणे!

आता आपण मराठी माणसे अगदीच परकी आहोत असे नव्हे. 'मला तू आवडतेस' याची ठेवण आणि स्पॅनिश 'मे गुस्तास'ची ठेवण तंतोतंत एक. आवडणारा 'मला'मध्ये बाजूला उभा, आणि क्रियापद सारे 'तू'च्या तंत्राने चालते. व्याकरण आहे, धीर तेवढा नाही.

माझी थोरली बहीण लेकीला रोज एकच विचारते, "जेवलीस का ग?" त्या तीन शब्दांत तिचे सारे काळीज असते, हे मला कळते. भाचीलाही कळते. पण परवा ती मला म्हणाली, "मामा, इथली भाजीवालीसुद्धा मला लाडाने हाक मारते. आईच्या तोंडून एकदा तरी ऐकावंसं वाटतं."

मी ते बहिणीच्या कानावर घातले. "असं का बोलून दाखवायचं असतं?" असे म्हणून ती चकल्या तळायला उठली. पण माद्रिदला पाठवायचा फराळाचा डबा मी बांधायला घेतला, तेव्हा आत एक चिठ्ठी होती. तिच्या वळणदार अक्षरात एवढेच: "बाळ, तुझ्यावाचून घर उणं वाटतं."

'मेनोस'ची ही गोष्ट तिला कुणीच सांगितलेली नव्हती.