पत्र संगणकाने लिहावे, पाठवावे माणसाने

शाळेच्या कार्यालयात आता विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर असतात. पडद्यावरील फॉर्मात मुलाचे नाव, इयत्ता, पालकांचा ई-मेल पत्ता, बाकी फी हे सारे एका जागी दिसते. त्याच फॉर्मावर एक बटण ठेवून, ते दाबताच पालकांना ई-मेल जाईल अशी सोय करता येते. ही सोय शाळांनी अवश्य करावी. पण मुलाविषयीचे पत्र कोणी वाचल्याशिवाय जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये यासाठी 'सेंडऑब्जेक्ट' नावाची आज्ञा आहे. बटणामागचा कोड फॉर्मातून पत्ता व मजकूर घेतो आणि संगणकावरील मेल प्रोग्रामच्या हवाली करतो. या आज्ञेत 'एडिटमेसेज' अशी एक निवड असते. ती 'ट्रू' ठेवली, तर तयार पत्र आधी पडद्यावर उघडते. वाचून, दुरुस्त करून मग पाठवायचे. 'फॉल्स' केली, तर पत्र न उघडताच रवाना होते. काहीच न लिहिल्यास ॲक्सेस 'ट्रू' धरतो.

सुटीची सूचना सर्व घरांसाठी एकच असते. ती थेट गेली तरी बिघडत नाही. फक्त पत्ते 'बीसीसी'त घालावेत, नाहीतर सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतात. फीची किंवा गैरहजेरीची गोष्ट वेगळी. कालच रोख भरलेली फी नोंदवायची राहिली असेल, तरी आठवणीचे पत्र जाणार. वडील नुकतेच वारले असतील आणि फॉर्मात त्यांचेच नाव असेल, तर पत्र त्यांच्याच नावाने जाणार. कोडला हे कळत नाही, वर्गशिक्षकांना कळते. अशा पत्राने मुलाची मान खाली जाते, आणि घरी पोहोचलेले पत्र परत आणता येत नाही.

मग वेळ कोठे वाचला, असे विश्वस्त विचारतील. नाव, रक्कम, तारीख लिहिण्याचे कष्ट कोडने वाचवलेच आहेत. उरते ते एकदा वाचणे, आणि ते शाळेचे कर्तव्यच आहे.

पालकांनी घरातील बदल कार्यालयास वेळेवर कळवावेत. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी असा कोड जरूर लिहून पाहावा. मात्र 'फॉल्स' लिहिण्यापूर्वी, हे पत्र आपल्याच घरी येणार आहे असे समजावे.