थेंबभर शहाणपण

कला शाखेच्या वार्षिकांकात नट-बोल्टवर लेख पाहून काहींना हसू येईल. त्यांनी कॉलेजच्या फाटकाशी उभ्या मोटारसायकलींकडे एकदा पाहावे. गेवराई, पाटोदा, केजकडच्या खेड्यांतून आपण त्यांच्यावरच येतो आणि आपला जीव मूठभर बोल्टांच्या भरवशावर असतो.

गेल्या पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात आमच्या गाडीचे उजवे पायदान एकाएकी खाली झुकले. ब्रेक दाबायला गेलो तो पाय हवेत! मागे धाकटी बहीण बसलेली. पुढच्या ब्रेकवर गाडी कशीबशी कडेला घेतली. पायदानाच्या दोन बोल्टांपैकी एक वाटेतच गळून पडला होता.

गावातल्या मिस्त्रीमामांनी नवा बोल्ट घेतला, त्याच्या आट्यांवर लाल द्रव भरपूर ओतला आणि म्हणाले, "आता जन्मात सुटायचा नाही." त्यांचा शब्द खरा ठरला. दिवाळीनंतर वाकलेले पायदान काढायला गेलो तर बोल्टचे डोकेच तुटले. उरलेला तुकडा ड्रिलने काढून नवे आटे पाडावे लागले. दिवस गेला आणि पैसेही गेले.

घट्ट आवळलेला बोल्ट सुटतोच कसा? 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की, आडव्या हादऱ्यांनी आटे एकमेकांवर किंचित सरकतात. त्या क्षणी घर्षणाची पकड ढिली पडते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. नुसत्या स्प्रिंग वॉशरने हे फारसे थांबत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे आट्यांमध्ये घट्ट होणारा हा द्रव. त्याची कल्पना 1953 साली साकारली, ती अमेरिकेतल्या ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी. हवा लागते तोवर तो पातळ राहतो. आट्यांच्या फटीत हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. म्हणून त्याची बाटलीही काठोकाठ भरत नाहीत.

बहुतेक कंपन्यांच्या मालात निळा द्रव साध्या पान्याने सुटतो. लाल सुटण्यासाठी बोल्ट सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. आटे तेल-मातीपासून स्वच्छ करावेत, निळ्याचा एखादा थेंब लावावा, बोल्ट योग्य तेवढाच आवळावा आणि पूर्ण घट्ट व्हायला 24 तास द्यावेत. प्लॅस्टिकला तो लागू देऊ नये, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

मिस्त्रीमामा म्हणतील, "बोल्ट सुटून माणूस जाण्यापेक्षा काढताना तुटलेला बरा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु पायदानाचे काम निळ्या थेंबाने भागले असते. आपल्याकडे गाडी बापाकडून मुलाकडे, मुलाकडून आणखी कोणाकडे जाते. ती इतकी वर्षे चालते, कारण तिचा प्रत्येक भाग उघडून दुरुस्त करता येतो. कायमचा जखडलेला बोल्ट म्हणजे पुढच्या माणसाच्या माथी मारलेले आपले काम.

दोष एकट्या मिस्त्रीमामांचा नाही. नट-बोल्ट हा आपला विषय नव्हे, असे समजून मी टपरीवर चहा पीत बसलो होतो. मित्रहो, पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला टाकाल तेव्हा चहा जरा थांबू द्या. जवळ उभे राहा आणि एवढेच विचारा, "मामा, निळा लावताय की लाल?"