पोरगं तीन रात्री झोपलं नाही, तेव्हा...



दोन वर्षांपूर्वीच्या वर्षावासातील गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन आटोपून आम्ही चपला घालीत होतो. आमच्याच गल्लीतल्या एक ताई जिन्याच्या आडोशाला थांबल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलाला मोठे केलेले. मुलगा बावीस वर्षांचा, रात्रपाळीला भाजीचा टेंपो चालवणारा.

"भाऊ, पोरगं तीन रात्री झोपलं नाही. अन्नाला शिवत नाही. दाराला आतून दोन कड्या घालतो आन् म्हणतो, बाहेर माणसं उभी हायेत. शेजारचे म्हणतात करणी झाली."

"ताई, पितो का तो?"

"नाही हो भाऊ. दारूचा वाससुद्धा सहन होत नाही त्याला. उलट दोन-दोन पाळ्या करायचा. आम्हाला वाटलं, पोरगं कष्टाळू निघालं."

करणीबिरणी काही नसते, हे आम्ही त्यांना ठामपणे सांगितले. तिथपर्यंत आम्ही बरोबर होतो. पुढचा सल्ला मात्र चुकला. "काहीतरी नशा केली असेल. चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, उतरेल," असे आम्ही सांगितले. पंचवीस वर्षे वस्तीत दारूबंदीचे काम केल्याचा तो आमचा ताठा होता. दुसऱ्याच दिवशी बाहेरच्या 'त्या माणसां'च्या भीतीने मुलाने खिडकीची काच फोडली आणि तिच्यातून निसटू पाहिले. हाताला अकरा टाके पडले. ते टाके आमच्या सल्ल्यामुळे पडले, हे येथे लिहून ठेवणे आम्हाला भाग आहे.

महापालिकेच्या रुग्णालयात मनोविकार विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी मुलाशी एकट्याने बोलून घेतले. मग आम्हाला म्हणाल्या, "एमडी घेतो आहे. सात-आठ महिने झाले."

एमडी म्हणजे काय?

डॉक्टरच्या पाटीवर असते ती एमडी नव्हे. या पुडीचे शास्त्रीय नाव मेफेड्रोन. मुंबई-ठाण्यात तिला 'म्याऊ म्याऊ' असेही म्हणतात. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तिचा अंमली पदार्थांच्या कायद्यात समावेश केला. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला, तेव्हा एमडीचा फार मोठा साठा हाती लागला. म्हणजे ही वस्तू परदेशातूनच येते असे नाही, ती आपल्या शेजारी बनते.

तिची थोरली, अधिक जहाल बहीण म्हणजे मेथअँफेटामीन. बाजारात तिला 'आइस' किंवा 'क्रिस्टल' म्हणतात. जगात आजवर बहुतेक संशोधन या थोरलीवर झाले आहे आणि एमडीच्या रुग्णांवर डॉक्टर त्याच धर्तीवर उपचार करतात. फरक एवढाच, की एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो म्हणून माणूस एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेत राहतो, तर मेथचा अंमल आठ-दहा तास आणि त्याहूनही अधिक टिकतो.

मेथ पहिल्यांदा बनले ते जपानमध्ये, १८९३ साली. १९४१ पासून तेथे ते 'फिलोपोन' या नावाने औषधाच्या दुकानात विकले जाई. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे कष्टांची आवड असणारा. महायुद्धात ते सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना झोप येऊ नये म्हणून दिले गेले. युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला, देशभर व्यसन पसरले आणि १९५१ मध्ये जपान सरकारला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. कामगाराची झोप मोडून काम काढून घेण्याची ही युक्ती जुनी आहे. ताईंचा मुलगाही "पाळी ओढायला बरं पडतं," असे एका सोबत्याने सांगितले म्हणूनच सुरुवातीला घेऊ लागला होता.

गर्दची खूण इथे चालत नाही

जुन्या वाचकांना ऐंशी-नव्वदच्या दशकातला गर्द आठवत असेल. गर्दुल्ला कोपऱ्यात पेंगत बसे आणि पुडी मिळाली नाही की अंगदुखीने तळमळे. दारुड्याला वासावरून ओळखता येते. आपल्या आयाबहिणींचे डोळे या दोन खुणांना सरावलेले आहेत. एमडी आणि आइसचे अगदी उलटे. वास नाही, पेंगणे नाही. मुलगा तरतरीत दिसतो, भराभर बोलतो, जास्त काम करतो. म्हणून घरच्यांना महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

तेव्हा या खुणा पाहाव्यात. रात्र रात्र जागरण आणि मग दोन-दोन दिवस गाढ झोप. भूक मरणे, झपाट्याने वजन उतरणे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. दात खाणे, जबडा आवळणे. नाकातून सारखे पाणी किंवा रक्त. विनाकारण संशय, कानात आवाज येणे, कातडीखाली किडे वळवळतात असे वाटून खाजवून केलेल्या जखमा. पगार होऊनही खिसा रिकामा. एखाद्या खुणेवरून मुलावर आळ घेऊ नये, पण तीन-चार एकत्र दिसल्या तर वाट पाहू नये.

शरीरात काय होते

आम्ही कारकून माणूस, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. चांगले जेवलो, कोणी शाबासकी दिली, लेकरू हसले, की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य थोडे थोडे सुटते आणि आपल्याला बरे वाटते. हा मेंदूचा रोजचा पगार. ही पूड काय करते, तर पुढच्या कित्येक दिवसांची उचल एकाच रात्री काढून देते. मग पुढचे दिवस पगारपत्रक कोरे. जेवणात गोडी नाही, कामात मन नाही, आईच्या शब्दाने बरे वाटत नाही. त्या कोऱ्या दिवसांना भिऊनच माणूस पुन्हा उचल घ्यायला जातो.

त्याच वेळी नाडी आणि रक्तदाब चढतो, अंग तापते. विशीतल्या मुलाला हृदयविकाराचा झटका किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फार दिवस घेतल्यास हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. अंग फार तापले तर स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होतात. मेथने तोंड कोरडे पडून दात किडतात आणि पडतात. सुईने घेणाऱ्यांना एचआयव्ही व कावीळ 'सी' यांचा धोका. गरोदर बाईने घेतल्यास मूल अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे जन्मण्याची भीती. आणि ताईंच्या मुलाला झाला तो संशयाचा वेडेपणा. बहुतेकांचा तो पूड बंद झाल्यावर काही दिवसांत ओसरतो. काहींचा रेंगाळतो, आणि एकदा झालेल्याला पुन्हा पूड घेतल्यास लवकर उलटतो.

उपचार: काय आहे, काय नाही

पहिली गोष्ट, तातडीची. छातीत दुखणे, झटके, फार ताप, बेशुद्धी, किंवा कोणी मारायला येते आहे अशी भीती, यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. कोंडू नये, मारू नये, घोळका करू नये. खोलीत शांतता ठेवावी, वारा घालावा, ओल्या फडक्याने अंग पुसावे. झटका आला तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. डॉक्टरांना खरे सांगावे. तेथे शांत करणारी औषधे, सलाईन, अंग थंड करण्याचे उपाय, आणि भास होत असतील तर त्यावरची औषधे देतात.

दुसरी गोष्ट, त्यानंतरचे एक-दोन आठवडे. पूड बंद झाली की रुग्ण झोप झोप झोपतो, खा खा खातो आणि मनाने पार खचतो. याला आळस म्हणू नका. झोपू द्या, खाऊ घाला. पण एकटे ठेवू नका, कारण याच दिवसांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात.

तिसरी गोष्ट नीट ऐकावी. गर्दसाठी डॉक्टरांकडे ब्युप्रेनॉर्फिनसारखी बदली गोळी आहे, दारूसाठीही गोळ्या आहेत. एमडी किंवा आइसचे व्यसन सोडवणारे मान्यताप्राप्त औषध आजही नाही. अमेरिकेत ४०३ मेथ-रुग्णांवर नाल्ट्रेक्झोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र देऊन झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या शंभरांतील तेरा-चौदा जणांना चांगला गुण आला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांतील दोन-तीन जणांना. आशा आहे, पण हमखास इलाज नव्हे. म्हणून "जेवणातून गुपचूप द्या, सात दिवसांत व्यसन सुटेल," अशा जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नका. ताईंनी अशा पावडरीपायी भिशीचे पैसे आधीच घालवले होते.

मग गुण कशाने येतो? समुपदेशनाने, म्हणजे डॉक्टर किंवा समुपदेशकाबरोबर आठवड्याला नेमाने बसून कोणत्या वेळी, कोणासोबत, कशामुळे हात पुडीकडे जातो ते शोधणे आणि ती वाट बदलणे. आणि सर्वांत चांगला पुरावा ज्याचा आहे तो उपाय ऐकून आम्हीही चकित झालो. लघवीची तपासणी स्वच्छ आली की रुग्णाला त्याच दिवशी लहानसे बक्षीस द्यायचे. सलग स्वच्छ आली तर बक्षीस वाढवायचे. चुकला तर शिक्षा नाही, फक्त बक्षीस नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने ताईंनी आणि महिला मंडळाने हेच केले. कधी बसचा पास, कधी आवडीचे जेवण, सलग दोन महिन्यांनंतर कामावरचे बूट. रोख पैसा हातात द्यायचा नाही, हे आधीच ठरले होते.

विहारातला वाद

यावरून विहाराच्या बैठकीत वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "पाचवं शील मोडणाऱ्याला बक्षीस? मग जी पोरं सरळ चालतात त्यांनी काय करायचं?" प्रश्न खोटा नव्हता. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे शील आपण दर रविवारी घेतो. आमच्या पिढीने वस्तीतली दारू हटवताना मारही खाल्ला आहे.

आम्ही एवढेच म्हणालो की, शील पडू नये म्हणून असते. पडलेल्याला उचलायचे काम वेगळे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले, ही कथा आपण लेकरांना सांगतो. आजार कशाने झाला याचा पंचनामा त्यांनी आधी केला नव्हता. आणि बक्षिसाचे म्हणाल, तर ज्याच्या मेंदूचा पगार बंद पडला आहे त्याला रोजची रोज मजुरी हातात देण्याची ती रीत आहे. हळूहळू मेंदू स्वतःचा पगार पुन्हा द्यायला लागतो. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेथ सोडून वर्षाहून अधिक काळ झालेल्या रुग्णांच्या मेंदूतली डोपामिनची यंत्रणा बऱ्याच अंशी भरून आलेली दिसली. स्मरणशक्ती मात्र तेवढी सुधारली नव्हती. म्हणजे चार दिवस नव्हे, वर्ष-दीड वर्ष धीर धरायचा आहे. ज्येष्ठ काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात बसच्या पासाचे पैसे त्यांनी दिले.

पोलिसांची भीती

पुष्कळ घरे "पोरगं आत जाईल," म्हणून रुग्णालयात जात नाहीत. अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. विकणाऱ्याला ही सवलत नाही. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. एखादे खासगी केंद्र बांधून ठेवत असेल, मारत असेल, घरच्यांना भेटू देत नसेल, तर मुलाला तेथे ठेवू नका. पैसे भरण्याआधी नोंदणी आहे का आणि मनोविकारतज्ज्ञ येतात का, हे विचारा. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे. महापालिका आणि जिल्हा रुग्णालयांच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येते. व्यसनमुक्तीसाठी सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ वर आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर.

ताईंचा मुलगा या दोन वर्षांत दोनदा घसरला. दोन्ही वेळा स्वतःहून आईला सांगितले, आणि दोन्ही वेळा आईने डोक्याला हात न लावता चप्पल घालून त्याला रुग्णालयात नेले. रात्रपाळी सोडून तो आता दिवसपाळीला आहे. पगार कमी झाला. परवा गल्लीत भेटला, तेव्हा हातावरच्या टाक्यांच्या खुणेकडे आमची नजर गेली.

"काका, आता झोप येते," तो म्हणाला.

आपल्या घरात कोणी तीन रात्री झोपले नसेल, तर कडी लावू नका. केसपेपर काढा. कोणाशी बोलावे कळत नसेल तर विहारात या, आम्ही रविवारी असतो. या वेळी कोंडायचा सल्ला देणार नाही.

जयभीम!