जोडायला शिकवतो, सोडवायला कधी शिकवणार?

गणपती गेल्यावर लालबाग-परळमधला एखादा बांबूचा मंडप उतरवताना मुलांना जरूर दाखवा. बांबूला बांबू काथ्याने बांधलेला असतो. गाठ सुटली की बांबू बांबूच राहतो, कापड कापडच राहतं. सगळं टेम्पोत भरून पुढच्या मंडपाला चाललं!

आता शाळांमधलं 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन आठवा. प्लास्टिकची बाटली, तिला थर्माकोल, त्यावर ग्लू गनने चिकटवलेले मणी, टिकल्या आणि चमकी. दिसतं छान. पण आठवड्याने भंगारवाला त्याला हातही लावत नाही. नुसती बाटली असती तर त्याने घेतली असती. म्हणजे विकली जाणारी वस्तू आपण कचरा करून ठेवली. माझं स्पष्ट मत आहे, की हा उपक्रम या स्वरूपात थांबवावा.

कारण पुनर्वापराचं मूळ सूत्र साधं आहे: पदार्थ वेगळे झाले पाहिजेत. स्टीलचा डबा वितळवून पुन्हा स्टील मिळतं. चिप्सच्या पाकिटात मात्र प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही.

यंत्रांचंही तेच. कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, मूठ, सगळं बदलता येतं, म्हणून एकच कुकर वर्षानुवर्षं चालतो. पूर्वी मोबाईलचं मागचं झाकण नखाने उघडायचं. आता बॅटरी आत चिकटवलेली असते. लॅमिंग्टन रोडच्या कारागिरालाही आधी गरम हवा देऊन गोंद सैल करावा लागतो.

'पण पाणी आत जाऊ नये म्हणून चिकटवतात ना?' असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण कुकरची रबरी रिंग वाफेचा दाब अडवते आणि तरी झाकण रोज उघडतं. अवघड असेल, अशक्य नाही.

कायदेही त्याच दिशेने चाललेत. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडता, उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण वस्तू आधीच सुटी होण्याजोगी बनवणारा अभियंता आज आपल्याच वर्गात बसलाय.

म्हणून प्रकल्पाला एकच अट घालू या: गोंद नाही, सेलोटेप नाही. दोरी, खाच, नट-बोल्ट चालतील. निम्मे गुण जोडण्याला, निम्मे पाच मिनिटांत सोडवून कागद, धातू, प्लास्टिक असे ढीग करण्याला. सुरुवात बॉलपेन किंवा सेल काढलेल्या टॉर्चपासून करा. मोबाईलची बॅटरी आणि विजेची उपकरणं मुलांना उघडायला देऊ नका.

आणि पालकांनो, पुढची खरेदी करताना दुकानदाराला मुलांसमोरच विचारा, "याची बॅटरी बदलता येते का हो?"